जोतं किती वर घ्यायचं?

कोल्हापुरात मावशीच्या अपार्टमेंटमध्ये रंगकाम चाललं होतं. जिन्याच्या पहिल्या वळणाशी, माझ्या कपाळाच्या उंचीवर, लाल ऑइलपेंटची एक आडवी रेघ होती आणि तिच्याखाली कुणाच्या तरी घाईच्या अक्षरात लिहिलेलं, ‘महापूर, ऑगस्ट 2019’. तिच्या जरा वर दुसरी रेघ. तिच्या वाट्याला अक्षरंसुद्धा आली नव्हती, नुसतं ‘21’. रंगारीमामा पट्टीनं पोपडे खरवडत त्या रेघांपाशी आले आणि थांबले. मी भाजीची पिशवी घेऊन वर निघाले होते, मीही थांबले. “हे पण घालवणार?” मी विचारलं. “सेक्रेटरी म्हणले, आधी तेच घालवा. वरचा फ्लॅट बघायला पार्टी येणार हाय.” मग त्यांनी पट्टी फिरवली. लाल रंगाचे पापुद्रे खाली पडले, त्याखाली गाळाचा तपकिरी डाग निघाला, डागाखाली वाळूचा गिलावा. प्राइमरचा पहिला हात बसला तसा डाग गेला, आणि आम्ही बघत असतानाच, भिंतीनं प्राइमर पिऊन टाकल्यावर, हळूहळू परत वर आला. “मीठ फुटतंय आतनं,” मामा म्हणाले. “दोन हात मारलं तरी पावसाळ्यात दिसणार बगा. पार्टी उन्हाळ्यात येतीया म्हणून बरंय.”

वर गेल्यावर मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, “बरं झालं घालवलं. रोज जाता-येता ते कशाला बघायचं?” तिचंही खरं होतं. नागाळा पार्कच्या उतारावरच्या या इमारतीतून 2019 ला तिला रबरी बोटीतून बाहेर काढलं होतं. ब्लडप्रेशरच्या गोळ्या, चष्मा आणि बँकेची पासबुकं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी पदराला बांधलेली. काकांच्या फंडाचे सगळे पैसे या फ्लॅटमध्ये गेलेले. उद्या तिला तो विकायचा झाला तर जिन्यातली ती रेघ तिच्या म्हातारपणातले किती लाख खाणार, हा हिशोब तिनं नक्कीच केलेला असणार. सेक्रेटरींना दोष देता येईना, रंगारीमामांना तर नाहीच. पण येणारी पार्टी टाइल्स बघेल, नळाला प्रेशर किती ते बघेल, देवघर कुठल्या दिशेला ते बघेल, आणि या भिंतीला जे ठाऊक आहे ते विचारायचं तिच्या मनातही येणार नाही, हे मात्र कितीतरी दिवस डोक्यातून जाईना.

तसं बघितलं तर कोल्हापुरात पाण्याचं विस्मरण होणं अवघड. जुलै लागला की अख्खं गाव फूट आणि इंचांत बोलायला लागतं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की फोनवर मेसेज सुरू. एक दरवाजा म्हणजे 1428 क्युसेक हा आकडा ज्याला ठाऊक नाही तो बाहेरगावचा समजावा. गंमत अशी की गावात लख्ख ऊन पडलेलं असतं, महाद्वार रोडवर बायका छत्र्या मिटून साड्या बघत असतात, आणि नदी चढत असते. कारण पाऊस तिकडं गगनबावड्याला, राधानगरीला. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती चिखलीजवळच्या प्रयागाशी एकत्र होतात आणि मग पंचगंगा म्हणून आपल्याकडं येतात. खाली नरसोबावाडीला कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला पुढं सरकायला वाव राहत नाही, पाणी फुगतं आणि आपल्याच अंगणात मुक्काम ठोकतं. आणि आपण काय करतो? गरम कणीस हातात घेऊन शिवाजी पुलाकडं पाणी बघायला जातो. गर्दी एवढी की पोलिसांना हटवावी लागते. भीती, कौतुक, जरासा अभिमान, सगळं त्या बघण्यात असतं. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी ते पाणी बघितलंय. गढूळ चहासारखं, आवाज न करता जाणारं, मधूनच एखादं आख्खं झाड घेऊन निघालेलं.

माझं माहेर शुक्रवार पेठेतलं. भेंड्याच्या, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढं सोपा, मागं परडं आणि परड्यात दोन म्हशी. रस्त्यावरून घरात शिरायला घडीव दगडाच्या पायऱ्या होत्या आणि पायऱ्या संपल्या की रुंद दगडी जोतं. आजीचा पुराचा सगळा कारभार त्या पायऱ्यांवर चाले. पाणी परड्यात आलं की कुणी हलत नसे, परडं त्याचंच होतं. पहिली पायरी बुडाली की म्हशी सोडायच्या आणि वरच्या अंगाला पाहुण्यांकडं नेऊन बांधायच्या. दुसरी बुडाली की जोंधळ्याची, तांदळाची पोती माडीवर. तिसऱ्या पायरीला पाणी लागलं की चूल विझवून माणसांनी निघायचं. बंधाऱ्यावर किती फूट झालेत हे तिला कधी विचारावं लागलं नाही. पाणी ओसरलं की परड्यात गुडघाभर मऊ गाळ राहायचा. घाण वास यायचा, महिनाभर डास, सर्दी, पायांना चिखल्या. पण त्याच गाळात ती दोडका, घेवडा टोचायची, आणि दसऱ्यापर्यंत परड्याच्या भिंतीवर वेल चढलेले असायचे.

हे लिहिताना मला हळवं व्हायचा मोह होतोय, तो आवरायला पाहिजे. मातीची घरं थंड असतात, पर्यावरणाला धरून असतात, हे मीही वाचते. पण भेंडा पाण्यात भिजला की विरघळतो. 2019 ला चिखली, आंबेवाडीकडं मातीच्या भिंती बसल्या, आणि पेठेतल्या आमच्या घराची परड्याकडची भिंतही पाणी उतरल्यावर, उन्हं आल्यावर, एका दुपारी आवाज न करता खाली आली. शेजारचं सिमेंटचं घर तसंच उभं होतं. ज्याची भिंत पडते त्याला पुढची भिंत मातीचीच बांध म्हणून सांगणं, तेही स्लॅबच्या घरात पंख्याखाली बसून, मला जमत नाही.

आणि पूर्वजांनाही फार डोक्यावर घ्यायला नको. हे गाव तळ्यांचं होतं. कपिलतीर्थाच्या जागी आज मंडई भरते, रावणेश्वराच्या जागी शाहू स्टेडियम आहे, वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं. बुजवणारी माणसं वाईट नव्हती. साचलेलं पाणी, डास, रोगराई आणि वाढत्या गावाला हवी असलेली मोकळी जागा, त्यांच्या दृष्टीनं ती सुधारणाच होती. रावणेश्वराच्या तळ्यावर फुटबॉलची मॅच बघत आरोळ्या ठोकताना मला कधी वाईट वाटलेलं नाही. पण गांधी मैदान मात्र हट्टी निघालं. दर पावसाळ्यात तिथं पाणी तुंबतं, दर पावसाळ्यात ते का तुंबतं यावर बातम्या येतात, आणि नाव वरुणतीर्थ होतं एवढं त्यात कुणीतरी एका ओळीत सांगून टाकतं.

ब्रह्मपुरीच्या टेकाडावर 1945-46 मध्ये उत्खनन झालं तेव्हा सातवाहन काळातल्या वस्तीची घरं निघाली. त्याच टेकाडावर मिळालेली पोसायडनची काशाची छोटी मूर्ती आपल्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. म्हणजे समुद्रापलीकडून आलेला ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी येऊन राहिला होता. नदीला खेटून, पण टेकाडावर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लोकांना एक सोय होती, ती आपल्याला नाही. माणसं कमी आणि टेकाडं भरपूर.

आपलं गणित वेगळं. महापालिकेचं क्षेत्र 66.82 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत त्यात साडेपाच लाखांना जरासे कमी लोक. 1972 ला नगरपालिकेची महापालिका झाली, पण हद्द पुढं पन्नास वर्षं जिथल्या तिथं. हद्दवाढीचा विषय निघाला की शहरात एक आंदोलन आणि गावांत त्याच्या विरुद्ध दुसरं. गावांचं म्हणणं मला कळतं. घरफाळा वाढणार, शेतावर आरक्षणं पडणार आणि बदल्यात मिळणार काय, तर शहरालाच जे धड मिळत नाही ते. शहराचं म्हणणंही कळतं. केएमटीच्या बस आमच्या, दवाखाने आमचे, रस्ते आमचे, वापरणार सगळे. शेवटी 2017 ला भोवतालच्या 42 गावांसाठी प्राधिकरण झालं. पण घरं कुणासाठी थांबलेली नव्हती. ती पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडीकडं केव्हाच चालत गेली होती. गुंठ्यागुंठ्यानं. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. त्यात एक घर, एक जिना, तुळशीला जागा सुटली तर सुटली. स्टँपपेपरवर व्यवहार करायचा, आधी बांधायचं, मग गुंठेवारी नियमित होण्याची वाट बघायची. माझ्या नवऱ्याच्या मावसभावानं असाच टेकाडाकडं प्लॉट घेतला. पूर आला की तो गॅलरीतून खाली बघत आम्हाला फोन करतो, “या की इकडं राहायला.” आणि एप्रिल लागला की त्याची बायको बॅरल, बादल्या, पातेली मांडून टँकरची वाट बघते. काळम्मावाडी धरणातून येणारी थेट पाईपलाईन किती वर्षं गाजली. शेवटी 2023 च्या दिवाळीत ते पाणी शहरात आलं. त्याची बायको म्हणाली, आलं असेल, आमच्या चढाला यायला अजून दम लागतोय त्याला.

खाली घेतलं तर पाणी घरात, वर घेतलं तर पाणी टँकरात.

मधल्या माणसानं मग मधला मार्ग काढला आहे. खालीच घ्यायचं, पण वर उचलून घ्यायचं. फुलेवाडीच्या पुढं रिंगरोडनं संध्याकाळी फिरायला गेलं की हे बघायला मिळतं. एका बाजूला उसाचं काळं रान, तुऱ्यांवर ऊन पडलेलं. त्याला खेटून मुरमाचे तांबडे ढीग. डंपर येतात, पाठ उचलतात, ढीग वाढतो. मग रोलर फिरतो आणि उसापेक्षा चार फूट उंचीवर एक चौकोनी पठार तयार होतं. त्यावर चुन्याच्या रेघा, कोपऱ्यांवर सिमेंटचे खांब आणि फ्लेक्सवर हिरव्यागार झाडांमध्ये हसणारं कुटुंब. जोतं त्याच्याही वर दोन फूट. पुढच्या वर्षी रस्ता होतो, तो डांबरावर डांबर चढवत घरांच्या वर जातो. मग नंतर येणारा माणूस रस्त्याच्याही वर जोतं घेतो. आधी आलेल्याचं घर खड्ड्यात. तो मग उंबऱ्यावर विटांचा बांध घालतो. एकदा मी एका गवंड्याला विचारलं, “जोतं किती वर घ्यायचं हे कसं ठरवता?” त्यानं शेजारच्या घराकडं मान वळवली. “त्यांच्यापेक्षा फूटभर.”

या ‘त्यांच्यापेक्षा फूटभर’मध्ये सगळं शहर सामावलंय असं मला वाटतं. नदीकाठचं ते काळं रान रिकामं पडलेलं नसतं, पुराचं पाणी दहा-बारा दिवस पसरून बसायची ती जागा असते. तिथं मुरूम टाकला म्हणून पाणी कमी येत नाही. जेवढा मुरूम तेवढं पाणी दुसरीकडं सरकतं, आणि सरकतं ते नेहमी आपल्यापेक्षा फूटभर खाली असलेल्याकडं. म्हणजे बांधावरच्या जुन्या घरात, नाल्याकाठच्या झोपडीत, सुतारवाड्यात. पंचगंगा चढली की जयंती नाला उलटा फिरतो आणि सुतारवाड्यातली कुटुंबं दरवेळी सगळ्यात आधी अंथरूण-पांघरूण घेऊन हलतात. मग शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरतं. ऐन गणपतीच्या आधी, मूर्ती वाळत घातलेल्या असताना. कुंभार गल्लीतल्या कुणीही नदीत भराव टाकलेला नाही.

मोठ्या मापात हेच शिरोलीजवळ हायवेला झालंय. पुणे-बेंगलोर रस्ता तिथं भरावावरून जातो आणि पुरात आडवा पडलेल्या बांधासारखं काम करतो. 2019 ला तो कितीतरी दिवस बंद होता, ट्रकच्या रांगा, टँकर अडकलेले, भाजीपाला नासलेला. तेव्हापासून भरावाऐवजी खांबांवर रस्ता न्या, खालून पाण्याला वाट ठेवा, ही मागणी लोक करताहेत. शेतकऱ्यांना जे दिसतं ते प्लॉट घेणाऱ्याला दिसत नाही असं नाही. पण हायवेचा भराव सरकारचा, म्हणून त्यावर मोर्चा काढता येतो. आपल्या चार ट्रॉल्या मुरमावर कोण मोर्चा काढणार? पुराचं खापर फोडायला आपल्याकडं खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण असतंच. 2019 नंतर सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं दोष अलमट्टीच्या माथी मारला नाही. अतिवृष्टी आणि नदीच्या जागेतली अतिक्रमणं यांच्याकडं बोट दाखवलं. कट्ट्यावर हे सांगून बघा. लोक आधी चहा मागवतात, मग विषय बदलतात.

निळी रेषा आणि लाल रेषा आहेत म्हणा. पाटबंधारेवाल्यांनी आखलेल्या. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या. निळीच्या आत बांधायचं नाही, दोन्हींच्या मध्ये अटींवर. पण 2005 ला मोठा पूर, 2019 ला त्याहून मोठा, 55 फुटांच्या वर, आणि दोनच वर्षांत 2021 ला पुन्हा तसाच. शंभर वर्षांचा पाहुणा असा वारंवार यायला लागला तर त्याला पाहुणा तरी कसं म्हणावं? एजंट लोकांनी या रेषांवर आपला तोडगा काढलाय. नकाशा उघडून दाखवतात आणि बोट ठेवून म्हणतात, “आपला प्लॉट रेषेच्या बाहेर आहे, वैनी.” बोट एवढं जाड असतं की त्याखाली अर्धी गल्ली झाकते.

2019 च्या त्या दिवसांतली एक गोष्ट मला कायम विचित्र वाटत आलीय. बालिंगा, शिंगणापूरची उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली आणि गळ्यापर्यंत पाणी आलेल्या गावात प्यायला पाणी नव्हतं. कोरड्या भागात टँकरपुढं घागरींच्या रांगा. आणि त्या रांगांमध्ये जे कोल्हापूर दिसलं ते दुसरीकडं बघायला मिळणार नाही. तालमींनी दारं उघडली, मंगल कार्यालयांत पंगती बसल्या, पोरं रात्र-रात्र पाण्यात उतरून म्हाताऱ्यांना उचलून आणत होती. कुणाच्या तरी घरी हजार चपात्या लाटल्या जात होत्या आणि कुणाच्या ते कळायचंही नाही. माझ्या डोळ्यांदेखत एका माणसानं पायातले नवे बूट काढून दुसऱ्याला दिले. याचा आम्हाला अभिमान आहे आणि असावाच. फक्त कधीकधी वाटतं, माणसं बुडाल्यावर काढण्यात आपण इतके तरबेज झालो आहोत की ती बुडू नयेत यासाठी करायच्या कंटाळवाण्या कामांत आपला जीव रमत नाही. नाला साफ ठेवणं, ओपन स्पेस ओपन ठेवणं, मंजुरीच्या नकाशातला पावसाच्या पाण्याचा खड्डा खरोखर खणणं, यासाठी कुठल्या मंडळाचा टी-शर्ट नसतो.

आमच्याकडं चिखलीहून एक दूधवाले काका येतात. 1989 च्या महापुरानंतर चिखली, आंबेवाडीच्या लोकांना वर सोनतळीला जागा मिळाली. तरी गाव खालीच राहिलं आणि पाणी वाढलं की माणसं, म्हशी, ट्रॉल्या सोनतळीकडं निघतात, ते अगदी आजवर. मी एकदा जरा शहाणपणाच्या सुरात विचारलं, “काका, वर जागा आहे तर कायमचंच का जात नाही?” त्यांनी मापटं किटलीवर आपटलं. “म्हशी वर काय खाणार? रान खाली हाय, वैरण खाली हाय, वाडं खालनंच आणायचं. पहाटं तीनला उठून वरनं खाली यायचं, धार काढायची, दूध डेअरीला घालायचं, परत वर जायाचं. घर वर नेलं म्हणून माझं पोट वर जातंय व्हय?” त्यांच्या सुनेचं मत मात्र वेगळं. तिला सोनतळीच पसंत, पोरांची शाळा, कोरडा रस्ता, वर्षातून एकदा संसार ट्रॉलीत भरायची कटकट नाही. एकाच घरात दोन मतं आणि दोन घरं. शाश्वत नगररचनेवर कितीही चांगलं भाषण झालं तरी त्यात म्हशीची वैरण येत नाही, ही काकांची तक्रार मला रास्त वाटते. सुनेची तक्रार त्याहून रास्त वाटते.

यंदा पेठेतलं आमचं घर पाडायचं ठरलंय. भिंत पडल्यापासून परड्याकडची बाजू ताडपत्रीवरच होती, दादा किती वर्षं ढकलणार? घर निळ्या रेषेच्या बाहेर, पण लालच्या आत. त्यामुळं जोतं लाल पातळीच्या वर घ्यावं लागणार, ही अट. ती उंची गाठायची कशी, यावर घरात दोन महिने वाद चाललाय. दादाचं म्हणणं सरळ होतं. अख्ख्या प्लॉटवर मुरूम टाकायचा, परडंसुद्धा भरून घ्यायचं, भोवती आरसीसी कंपाउंड, पुढच्या बाजूला एक गाळा काढायचा. मुलीच्या शिक्षणाला गाळ्याचं भाडं. इंजिनिअर पोरगा तरुण आहे, दादाला ‘काका’ म्हणतो आणि त्याचं काही ऐकत नाही. तो म्हणाला, भराव टाकूच नका. कॉलमवर उचला, खाली सगळं मोकळं सोडा, गाड्या लावा. भिंतीऐवजी जाळीचं कुंपण. परड्याला हात लावू नका, फरशी तर अजिबात नको. पाणी येऊ दे, फिरू दे, जाऊ दे. खर्च थोडा जास्त, आणि गाळा नाही.

“आणि आपण एकट्यानं सोडून काय होणार?” दादा म्हणाला. “समोरच्यानं भराव टाकलाच की. त्याचं पाणी पण आपल्याच मोकळ्या जागेत येणार.” याला इंजिनिअरकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नाही. येणारच. शिवाय खालचा मजला मोकळा सोडलेल्या इमारतींचं पुढं काय होतं हेही सगळ्यांनी बघितलंय. पाच वर्षांत एक खोली वॉचमनला, मग एक गोडाऊन, मग शटर. वहिनीचा आक्षेप आणखी वेगळा: जाळी लावली की गल्लीतली कुत्री आत येणार आणि पोरं क्रिकेटला.

शेजारच्या काकूंचं घर अजून जुनंच आहे, आमच्या जुन्या जोत्यापेक्षाही खाली. त्या एकट्याच राहतात. आम्ही भराव टाकून कंपाउंड घातलं असतं तर पहिलं पाणी त्यांच्या न्हाणीघरात शिरलं असतं, हे दादालाही ठाऊक होतं. त्यांच्यासमोर तो विषय काढायचाच नाही असं ठरलं असताना एके दिवशी त्याच हळदी-कुंकवाचं निमित्त काढून आल्या आणि टेबलावरचा नकाशा उलटा-सुलटा करून बघायला लागल्या. त्यांना भराव, कॉलम, एफएसआय कशाशी देणंघेणं नव्हतं. “परडं ठेवताय न्हवं?” एवढं विचारलं. मग म्हणाल्या, “माझ्या अंगाला एक दार सोड बाबा. तुझ्या आजीच्या वक्तापासनं पाणी आलं की माझा सिलिंडर नि शेगडी तुमच्या जिन्यात ठेवते मी. आता ह्या वयात लांबनं फिरून यायला जमायचं न्हाई.”

दादा काही बोलला नाही. गाळ्याचा विषय त्यानं अजून पूर्ण सोडलेला नाही, अर्धा गाळा बसतो का ते बघायला त्यानं इंजिनिअरला परत टेप घेऊन बोलावलं होतं. पण नव्या नकाशात काकूंच्या बाजूच्या जाळीत तीन फुटांचं दार आलंय. वहिनीनं त्याला आतून कडी बसणार की बाहेरून, एवढं विचारून घेतलं.